वानरांचे आजोळ

बोरगाव हे माझे आजोळ. निपाणी आणि इचलकरंजी यांच्या मधल्या काळ्या रानातले, ऊस आणि तंबाखू यांवर चालणारे गाव. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा बेळगाव जिल्ह्याबरोबर तेही त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले. सोयरिकी, बाजारहाट आणि दुखण्याखुपण्याची धाव मात्र होती तशी करवीरकडेच राहिली. माझे वडील कोल्हापूर दरबारच्या गवयांपैकी. १९४९ च्या मार्चमध्ये संस्थान विलीन झाले तेव्हा ते ऐन पंचविशीत होते, आणि मी त्यांच्या उतारवयातला. त्यामुळे दरबार मी पाहिला तो त्यांच्या बोलण्यातच. आडनाव त्यांचे, तंबोरा त्यांचा, गळाही बहुधा त्यांचाच. आजोळाकडून तुला काय मिळाले असे कोणी विचारले असते, तर दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी शेंगांचे पोते आणि मामींचा लोभ एवढेच सांगितले असते.

दर रविवारी मी तेथे शिकवणीला जातो. मामांच्या वाड्याच्या सोप्यात पाचसहा मुले बसतात. मागे परडे आहे. परड्यात शेवगा, पेरू आणि एक जुनी चिंच. आमचा भूप जरा रंगात यावा आणि चिंचेवर वानरांचा कळप उतरावा, असा जणू नेमच आहे. काळ्या तोंडाची, राखी अंगाची, लांब शेपटीची ही वानरे. लाल तोंडाची माकडे ती निराळी. तीसएक जणांत एकच धिप्पाड हुप्प्या. त्याचा हूप ऐकू आला की मुले पेटी सोडून परड्याकडे धावतात. एकदा तो सूर पेटीवर धरून पाहण्याचा नाद मी केला. सापडला नाही. तो एका पट्टीवर उभाच राहत नाही.

मामी आता ऐंशीच्या पुढच्या. डोळ्यांनी अधू, पण या कळपातल्या माद्या त्यांना एकेक ओळखता येत. शेपटीचे टोक तुटलेली एक म्हातारी मादी होती, तिला त्या लांडी म्हणत. "ही लांडी. ही तिची थोरली, कानफाटी. आणि पोटाला पोरगं हाय ती कानफाटीची लेक," असे त्या मला सोप्यात बसूनच सांगत. एकदा मी विचारले, "मामी, आणि हा हुप्प्या कोणाचा?" त्या म्हणाल्या, "त्यो काय, आज हाय, उद्या न्हाई. भाईरचा."

हे बोलणे मी तेव्हा हसण्यावारी नेले.

दादाचे, म्हणजे माझ्या मामेभावाचे, नुकसान मात्र हसण्यासारखे नव्हते. अर्ध्या एकरातला हरभरा एका सकाळीत गेला होता. वाड्याची कौले वर्षातून तीनदा परतावी लागत. गावात पुष्कळांची हीच रड होती. तेव्हा वानरे पकडून दूर रानात नेऊन सोडावीत असा अर्ज करायचे ठरले, आणि चार शिकल्यासवरल्या माणसांच्या सह्या हव्यात म्हणून दादाने तो माझ्यापुढेही ठेवला. मी वाचला आणि सही केली. आदल्याच रविवारी वानरांनी सोप्यात शिरून पेटीच्या भात्याचे कातडे फाडले होते. कारण तसे क्षुल्लक, पण सही करताना माझ्या मनात तेच होते हे कबूल केले पाहिजे.

२०२४ च्या उन्हाळ्यात बाहेरगावची माणसे पिंजरे घेऊन आली. केळी आणि शेंगा टाकून तीन दिवसांत त्यांनी चौदा वानरे धरली. हुप्प्या पिंजऱ्याकडे फिरकला नाही. सापडल्या त्या बहुतेक माद्या, पोटाशी पिले असलेल्या. भूक त्यांनाच अधिक. टेंपोत घालून त्यांना घाटाकडे नेले असे कळले. लांडी त्यांत होती.

कोल्हापुरात माझ्याकडे गाणे शिकणारी एक मुलगी प्राणिशास्त्राची पदवी घेत आहे. तिला मी ही हकीकत मोठ्या उत्साहाने सांगितली. ती म्हणाली, "सर, माद्या नेल्या?" आणि गप्प बसली. पुढच्या वेळी येताना तिने दोनतीन निबंध आणून दिले. त्यांतले अर्धे मला कळले नाहीत, अर्धे तिने समजावून दिले. जे समजले ते आपल्या जुन्या घराण्यांतल्या वाचकांना माझ्यापेक्षाही लवकर समजेल, कारण हे सारे वंशावळीचे शास्त्र आहे.

गोष्ट अशी की, आपल्याकडच्या वानरांत आणि माकडांत मादी सामान्यतः जन्मली त्याच कळपात आयुष्य काढते; आई, मावशी, आजी यांच्या संगतीत. मुलगा वयात आला की कळप सोडतो, किंवा त्याला सोडायला लावतात. म्हणजे आपल्या नेमके उलट. आपल्यात लेक सासरी जाते, मुलगा वाड्यात राहतो, आणि वंशावळीच्या कागदावर पणजीचे नाव बहुधा नसतेच. आमच्या घरच्या वंशावळीत नऊ पिढ्यांचे पुरुष आहेत. त्यांच्या स्त्रिया कोणत्या गावच्या, हे दोन पिढ्यांमागचे कोणाला सांगता येत नाही. वानरांनी वंशावळ लिहिली असती तर तीत आया, लेकी आणि नाती आल्या असत्या, आणि बापाच्या रकान्यात 'बाहेरचा' एवढाच शेरा. वानरांचा कळप म्हणजे सगळ्यांचेच आजोळ.

आता ही वंशावळ वानरांनी लिहिलेली नसली तरी त्यांच्या अंगात ती लिहिलेली आहे. प्रत्येक पेशीत वंशपरंपरेच्या दोन पोथ्या असतात. मोठी पोथी पेशीच्या गाभ्यात. ती अर्धी आईकडून आणि अर्धी बापाकडून येते आणि दर पिढीला तिची पाने पुन्हा पिसली जातात. दुसरी अगदी लहान, सुमारे साडेसोळा हजार अक्षरांची. ती गाभ्याबाहेर, मायटोकॉण्ड्रिया नावाच्या सूक्ष्म कणांत असते. ही लहान पोथी फक्त आईकडून येते. मुलालाही ती आईचीच मिळते, पण त्याच्याकडून ती पुढे जात नाही. तिच्यात बापाचे एक अक्षरही मिसळत नाही.

नक्कल करताना क्वचित एखादे अक्षर चुकते. चुकले की पुढच्या सगळ्या लेकीनातींत तीच चूक चालते. आम्हा गाणाऱ्यांना हे नवे नाही. एखाद्या बंदिशीतला एक शब्द एका शिष्याने चुकीचा घेतला की त्याच्या शिष्यशाखेत तो तसाच चालतो. पुढे दोन गवयांच्या तोंडून तीच चीज ऐकून यांची शाखा कोठे फुटली हे जाणत्याला सांगता येते. तसेच येथे. दोन कळपांच्या लहान पोथीतली किती अक्षरे वेगळी, हे मोजले की त्यांची मूळ आजी एक होती त्याला किती काळ लोटला याचा अंदाज बांधता येतो. आणि हे मोजण्यासाठी जनावर धरावे लागत नाही. जमिनीवर पडलेली ताजी लेंडी पुरते. तिच्या बाहेरच्या चिकट थरात आतड्याच्या पेशी लागून आलेल्या असतात.

१९९२ साली डॉन मेल्निक आणि गाय होल्झर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी मकाक कुळातल्या माकडांविषयी असे दाखवून दिले की, आईची लहान पोथी पाहिली तर एका भागातले कळप दुसऱ्या भागातल्या कळपांहून फार वेगळे दिसतात, आणि आईबापांची मोठी पोथी पाहिली तर तेच कळप पुष्कळसे सारखे दिसतात. कारण उघड आहे. माद्या जागेवर राहतात म्हणून आईची खूण जागेवर राहते. नर फिरतात म्हणून बापाकडचे रक्त सगळीकडे मिसळते. माणसांतही असा पडताळा घेतला गेला आहे. थायलंडमधल्या डोंगरी जमातींपैकी काहींत नवरी सासरी जाते आणि काहींत नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. २००१ साली त्यांची तपासणी झाली तेव्हा पहिल्या प्रकारच्या जमातींत आईकडची विविधता जास्त निघाली, दुसऱ्या प्रकारच्या जमातींत बापाकडची. जो घर सोडतो तो आपली खूण घेऊन जातो.

हे वाचताना मला आमचे आजोबा आठवले. ते तंबोरा घेऊन दरबार शोधत करवीरला आले होते. आमच्या घरचे गाणे मुळात या मातीतले नाही. जात्यावरच्या ओव्या मात्र मामींच्या, आणि त्यांनी त्या आपल्या माहेराहून आणलेल्या. दोघेही बाहेरचेच म्हणायचे.

वंशावळीचा कागद माकडांनाही लाभलेला असा एक ठिकाणा जगात आहे, आणि तेथली माकडे आपल्याकडची आहेत. १९३८ साली क्लॅरेन्स कार्पेंटर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने हिंदुस्थानातून ४०९ लालतोंडी माकडे जहाजाने नेली आणि पोर्तो रिको जवळच्या कायो सांतियागो या लहानशा बेटावर सोडली. उत्तरेकडची ही जात. रक्तगटापुढे आपण 'आर. एच.' लिहितो ती अक्षरे तिच्याच ऱ्हीसस या नावावरून आली. त्यानंतर बेटावर नवी माकडे आणली गेली नाहीत. १९५६ पासून तेथल्या प्रत्येक माकडाची नोंद आहे: आई कोण, जन्म कधी, कळप कोणता. हे काम म्हणजे मामींचेच, फक्त वहीत लिहिलेले. त्या नोंदींतून एक मजेदार कायदा स्पष्ट दिसतो. माकडिणीचा मान तिच्या आईच्या मानावर ठरतो. आणि बहिणी-बहिणींत धाकटी ही थोरलीच्या वर बसते. आपल्याकडच्या थोरल्या जावांनी हे वाचून मनास लावून घेऊ नये.

एवढ्याशा बेटावर पाऊणशे वर्षे कोंडलेली ही माकडे आपसांत नाती जुळवून खराब झाली असतील, असे कोणालाही वाटेल. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत जवळच्या नात्यातला संकर अगदी थोडा आढळला. मुलगे आपला कळप सोडून दुसऱ्या कळपात जातात, या चालीचाही त्यात वाटा असावा. त्याच वर्षी सप्टेंबरात मारिया नावाच्या तुफानाने बेटावरची झाडी मोडून टाकली. माकडे बहुतेक वाचली आणि उरलेल्या सावलीत पूर्वीपेक्षा जास्त जवळ बसू लागली.

पोर्तो रिको फार लांब झाले. या शास्त्राच्या इतिहासातले एक मोठे पान आपल्या शेजारी, धारवाडला, लिहिले गेले आहे, आणि ते आपल्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. १९६१ ते १९६३ या काळात युकिमारू सुगियामा हे जपानी शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी धारवाडच्या आसपासच्या रानांत वानरांच्या मागे फिरत होते. त्यांच्या मंडळीत एम. डी. पार्थसारथी हे आपल्याकडचे अभ्यासकही होते. ज्या गावात लोक मल्लिकार्जुन मन्सूरांचे गाणे ऐकायला जात, त्याच गावाबाहेर हे गृहस्थ पहाटेपासून हूप ऐकत बसलेले. त्यांनी जे पाहिले त्यावर पुढे कित्येक वर्षे जगातल्या विद्वानांचा वाद चालला. त्यांनी पाहिले असे: कळपातल्या एकट्या हुप्प्यावर बाहेरच्या नरांची टोळी चाल करून येते, जुना हुप्प्या हाकलला जातो, टोळीतला एक नर कळप आपल्या ताब्यात ठेवतो, आणि थोड्याच दिवसांत अंगावरची पिले मरतात. नव्या नराने चावून मारलेली. सुगियामांनी एका कळपातला हुप्प्या मुद्दाम काढूनही पाहिला. नवा आला आणि तेथेही तेच झाले.

पुष्कळांना हे पटेना. गर्दीमुळे बिघडलेली ही चाल असावी, असे कोणी म्हणाले. सॅरा हर्डी या अमेरिकन बाई १९७१ पासून अबूच्या पहाडावर वानरे पाहत होत्या. १९७७ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी मांडले की यात नराचा हिशेब आहे. दूध तुटले की मादी लवकर पुन्हा माजावर येते आणि पुढचे पिलू नव्या नराचे होते. हिशेब खरा ठरायला एक गोष्ट सिद्ध व्हायला हवी होती: मारणारा त्या पिलाचा बाप नसतो. डोळ्यांनी पाहून हे कसे कळणार? नेपाळात रामनगरच्या वानरांच्या लेंड्यांतून मोठी पोथी वाचली गेली तेव्हा, १९९९ साली, उत्तर मिळाले. पिलांवर हल्ला करणारा नर त्या पिलांचा बाप निघाला नाही.

धारवाडचा तो मजकूर मी रात्री वाचला आणि दिवा मालवल्यावरही पुष्कळ वेळ जागा होतो. बोरगावच्या कळपातून आम्ही हुप्प्या काढला नव्हता हे खरे. पण ज्या माद्या एकमेकींच्या आया, बहिणी, मावश्या होत्या, ज्या एकत्र मिळून दात विचकतात, एकमेकींची पिले सांभाळतात, त्यांतल्या निम्म्या आम्ही नेल्या होत्या. आणि नेलेल्या माद्या जेथे सोडल्या तेथेही कोणाचा तरी कळप असणार, कोणता तरी हुप्प्या असणार. त्यांच्या पोटाशी पिले होती.

आता दुसरा मुद्दा. तो थोडा किचकट आहे. आपण सगळ्यांना सरसकट वानर म्हणतो, पण वानर एकच नाही. साहेबांच्या काळात कातडी पाहून नावे देण्याचा सपाटाच चालला होता. १९२८ साली पोकॉक यांनी जी नावे दिली त्यांत एक जुन्या धारवाड जिल्ह्यातल्या कातड्यावरून दिलेले आहे. पुढे कोणी सगळ्यांची मिळून एकच जात मानली, तर २००१ साली ग्रोव्ह्ज यांनी सात केल्या. नावांचा हा गोंधळ निस्तरण्याचे काम बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्रवीण कारंत, चेतन नाग आणि त्यांचे सहकारी यांनी केले. त्यांनी जागोजागी वानरे पाहिली, लेंड्या गोळा केल्या, आणि द्वीपकल्पात तीन जाती ठरवल्या: दख्खन आणि त्याच्या उत्तरेकडची एक, सह्याद्रीच्या ओल्या रानातली, काळ्या हातापायांची दुसरी, आणि दक्षिणेच्या कोरड्या रानातली, डोक्यावर तुरा असलेली तिसरी. सातांतल्या एका नावाला तर आधारच सापडला नाही.

ओळखण्याची एक खूण आपल्यालाही पाहता येते. प्राणिशास्त्रज्ञ एम. एल. रूनवाल यांनी फार पूर्वी टिपून ठेवले होते की उत्तरेकडचे वानर चालताना शेपटी पाठीवरून डोक्याकडे कमानीसारखी आणतात, आणि दक्षिणेकडचे ती मागे, अंगापासून दूर वळवतात. दोहोंची सीमा साधारण तापी-गोदावरीच्या रेषेवर. मी संगीत परीक्षांसाठी एकदा नागपूरला गेलो होतो तेव्हा रामटेकला जाऊन आलो. तेथल्या वानरांची शेपटी डोक्याकडे आलेली मी पाहिली होती, पण पाहिली म्हणजे नुसतीच पाहिली. निबंध वाचल्यावर बोरगावात चिंचेखाली उभा राहिलो तेव्हा शेपट्या मागे वळलेल्या दिसल्या. इतकी वर्षे दर रविवारी ही वानरे समोर होती.

आईची आणि बापाची साक्ष जेथे जुळत नाही तेथे तर या शास्त्राला खरी गंमत येते. आसामकडच्या टोपीवाल्या आणि सोनेरी वानरांची आईकडची पोथी आपल्या वानरांशी जुळते आणि गाभ्यातली मोठी पोथी पूर्वेकडच्या दुसऱ्याच कुळाशी. म्हणजे फार प्राचीन काळी दोन कुळांची गाठ पडली असली पाहिजे. दोन घराण्यांची गायकी एका गळ्यात मिसळलेली आपण ऐकतो, तसे हे.

पण मिसळणे आपोआप, हजारो वर्षांच्या चालीने होणे वेगळे आणि टेंपोतून होणे वेगळे. बोरगाव सपाटीवर, घाट त्याच्या पश्चिमेला. सपाटीवरच्या कोरड्या रानातली वानरे उचलून सह्याद्रीच्या ओल्या रानात सोडली तर कोणत्या कुळातली कोणत्या कुळाच्या दारात गेली, हे सोडणाऱ्याला माहीत नसते, आणि अर्जावर सही करणाऱ्याला तर नसतेच.

लालतोंड्यांच्या बाबतीत दारातली ही गर्दी नुसती भीतीची गोष्ट राहिलेली नाही. आपल्या बाजूची, डोक्यावर टोपीसारखे केस असलेली माकडे ही दक्षिणेची स्वतंत्र जात. जगात दुसरीकडे कोठेही नाही. उत्तरेची ऱ्हीसस जात पूर्वी पश्चिमेस तापी आणि पूर्वेस गोदावरी या नद्यांच्या अलीकडे फारशी येत नसे. २०११ साली कुमार, राधाकृष्ण आणि सिन्हा या अभ्यासकांनी दाखवून दिले की उत्तरेची माकडे पुष्कळ दक्षिणेला सरकली आहेत आणि जेथे जेथे ती आली तेथून आपली मागे हटली आहेत. म्हैसूर भागात मेवा सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत, जी २०१७ साली प्रसिद्ध झाली, या दक्षिणी माकडांची संख्या पंचवीस वर्षांत ६५ टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. रस्त्याकडेची वडाची झाडे तुटली, आणि उपद्रव म्हणून माकडेही उचलली गेली. ज्याला आपण 'उदंड झाली' म्हणतो त्याची ही अवस्था.

माकडे हलवूच नयेत असे मी म्हणत नाही. १९९७ साली वृंदावनातून ६०० माकडे हलवली गेली आणि ते काम चांगले झाले, असे त्यात असलेल्यांनीच लिहिले आहे. पण तेथे कळपच्या कळप, आया-मुली-नरांसह, एकत्र नेले आणि जागा पाहून सोडले. पिंजऱ्यात सापडेल ते उचलणे आणि हे, यांत फरक आहे. आणि धाराशीव जिल्ह्यात उपळा नावाचे गाव आहे, तेथे ३२ एकर जमीन माकडांच्या नावाने कागदोपत्री लागलेली आहे. २०२२ साली वर्तमानपत्रांत हे आले तेव्हा लोकांना नवल वाटले. मला नवल याचे वाटले की, ज्यांनी कोणी ती नोंद केली त्यांनी एका माकडाचे नाव न घालता गावात राहणाऱ्या सगळ्या माकडांना मालक केले. इनामपत्र लिहिणाऱ्याला कळपाचा कायदा ठाऊक असावा.

आता बोरगावचे सांगतो. माद्या नेल्यानंतर महिनाभर परडे शांत होते. दादा खूश होता, मुलांचा भूपही पुरा होऊ लागला. दिवाळीच्या सुमारास चिंचेवर निराळाच हूप ऐकू आला. जुना हुप्प्या पुन्हा दिसला नाही. उरलेल्या माद्यांपाशी दोन पिले होती, तीही पुढे दिसली नाहीत. एक पेरूखाली मामींना सापडले, त्यांनी ते गड्याकडून पुरवले आणि त्या दिवशी मला शिकवणी घेऊ दिली नाही. थंडीत ओढ्यापलीकडचा दुसरा एक कळप मोकळ्या झालेल्या जागेत येऊ लागला, आणि दादाचा हरभरा याही वर्षी गेला. त्यांत दादाची चूक काढता येत नाही. त्याने आता बांधावर राखणीला माणूस ठेवला आहे आणि त्याची मजुरी पिकाच्या निम्म्याने जाते.

कानफाटी आहे. ती आणि तिची लेक, दोघी चिंचेच्या एकाच फांदीवर बसतात. मामी त्यांना अजून मोजतात.

मागच्या महिन्यात मामींनी दादाला विचारले, "लांडीला कुठं सोडली रं?" दादाने कपाट उघडून पिंजरेवाल्यांची पावती काढली. तिच्यावर तारीख होती, रक्कम होती, आणि 'वानर, १४ नग' असे लिहिले होते. जागेचे नाव नव्हते.

यंदाचा अर्ज दादाने माझ्या पेटीवर ठेवला आहे. सहीची जागा कोरी आहे. रविवारी मी तो उचलून बाजूला ठेवतो, शिकवणी घेतो, आणि जाताना पुन्हा पेटीवर ठेवतो.